प्रतिनिधिविचार : एका जुन्या टर्मिनलच्या निमित्ताने

'हे त्याच्यासारखेच आहे, चालेल,' हे वाक्य आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो आणि त्यात केवढा मोठा प्रश्न गिळून टाकला याची आपल्याला जाणीवही नसते. आमसुले संपली तर चिंच, रोजच्या गवळ्याने रतीब चुकवला तर शेजारच्याचे दूध, शिक्षक रजेवर गेले तर बदली शिक्षक. संसाराचा गाडा अशा प्रतिनिधींच्या खांद्यावरच चालतो, आणि बहुतेक वेळा बरा चालतो. परंतु 'सारखे' म्हणजे कशाच्या बाबतीत सारखे, आणि 'चालेल' म्हणजे कोणाला चालेल, हे दोन प्रश्न आपण विचारीत नाही. आमटी बिघडली तर एक जेवण बिघडते. तेथे प्रश्न न विचारला तरी निभावते. जेथे चुकीच्या सारखेपणाची किंमत पुन्हा कधीही न मिळणाऱ्या वस्तूच्या रूपाने मोजावी लागते, तेथे मात्र तो विचारल्यावाचून गत्यंतर नसते.

या विचारासाठी मी जे उदाहरण घेत आहे ते शास्त्राच्या किंवा काव्याच्या प्रांतातले नाही. ते अमेरिकेत १९७० च्या दशकात बनलेल्या संगणक-टर्मिनलचे आहे. टर्मिनल म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावे लागेल. त्या काळी संगणक हे संस्थेचे सामायिक धन असे. तो एका खोलीत असे आणि त्याच्याशी काम असलेली माणसे तारेच्या दुसऱ्या टोकाला, पडदा व कळफलक असलेल्या एका पेटीसमोर बसत. आलेली अक्षरे पडद्यावर मांडावीत आणि दाबलेली अक्षरे तारेवरून पाठवावीत, एवढेच त्या पेटीचे काम. ओरेगॉन राज्यातील टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे '४०१०' हे आलेख काढणारे टर्मिनल १९७२ चे. लिअर सीग्लर कंपनीचे 'एडीएम-३ए' १९७६ चे. आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे 'व्हीटी१००' १९७८ चे. ती यंत्रे आज कोणाच्या उपजीविकेची राहिलेली नाहीत. काही संग्रहालये आणि पुष्कळशी हौशी मंडळी ती हुडकून आणतात, उघडतात आणि पुन्हा चालती करण्याचा प्रयत्न करतात. तेथेच आपला प्रश्न उभा राहतो.

अशी पेटी चालू केल्यावर पंख्याचा आवाज येतो, कळफलकाचा प्रतिसाद येतो, पण पडदा काळाच राहतो, असा अनुभव दुरुस्ती करणाऱ्यांना वारंवार येतो. दोष बहुधा काचेच्या चित्रनळीला चालविणाऱ्या मंडळात असतो आणि त्यातही पुष्कळदा एका विशिष्ट ट्रान्झिस्टरमध्ये. ट्रान्झिस्टर ही तीन पायांची चीज. एका पायाने दिलेल्या क्षीण प्रवाहाने उरलेल्या दोन पायांमधील मोठा प्रवाह आवरावा किंवा सोडावा, हे तिचे कर्म. चित्रनळीच्या मंडळातील हा ट्रान्झिस्टर इलेक्ट्रॉनांच्या शलाकेला डावीकडून उजवीकडे नेतो व झटक्यात परत आणतो. अमेरिकन दूरचित्रवाणीच्या मापाने चालणाऱ्या पडद्यात हे सेकंदाला सुमारे १५,७०० वेळा घडते, म्हणजे एका फेरीस ६३-६४ मायक्रोसेकंद. प्रत्येक फेरीच्या शेवटी प्रवाह एकाएकी तुटतो आणि त्या क्षणी ट्रान्झिस्टरच्या अंगावर काही शेकडो व्होल्टचा तडाखा बसतो. तोच तडाखा एका रोहित्राच्या द्वारे वाढवून चित्रनळीला दहा हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब पुरविला जातो. इतके हाल सोसणारा नोकर आधी मरणार हे उघडच आहे. (येथे एक सूचना अस्थानी ठरणार नाही. हा दाब वीज तोडल्यावरही चित्रनळीत साठून राहतो. ज्याला तो निचरून काढण्याची रीत कोणी जाणत्याने दाखविली नाही त्याने अशी पेटी उघडू नये.)

तर ट्रान्झिस्टर मेला. त्याच्या जागी कोणता बसवावा? 'तोच,' असे उत्तर सुचते. पण 'तोच' म्हणजे कोणता, हे त्याच्या अंगावरील अक्षरांवरून ठरत नाही, आणि हा धडा मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेत नोंदविल्या गेलेल्या ट्रान्झिस्टरांची नावे '२एन' ने सुरू होतात व पुढे एक अंक येतो. तो अंक केवळ नोंदवहीतील अनुक्रम होय. त्यावरून गुण कळत नाहीत. युरोपीय पद्धतीत, जिची संस्था १९६६ साली ब्रुसेल्स येथे स्थापन झाली, पहिले अक्षर द्रव्य सांगते आणि दुसरे काम: 'ए' म्हणजे जर्मेनियम, 'बी' म्हणजे सिलिकॉन, 'सी' असेल तर हलक्या कामाचा, 'यू' असेल तर मोठा दाब तोडजोड करणारा. जपानी पद्धत आणखी निराळी. तेथे '२एससी१८१५' असे पूर्ण नाव असते, पण अंगावर जागा थोडी म्हणून नुसते 'सी१८१५' छापतात. त्यातच उत्पादनाचे वर्ष व आठवडा दाखविणारे चार अंकही कधी ठळक छापलेले असतात आणि नवशिका त्यालाच नाव समजतो. '७४१२' असे दिसले तर ते १९७४ सालच्या बाराव्या आठवड्याचे जन्मटिपण असू शकते. नाव, गोत्र आणि जन्मतिथी यांची गल्लत केवळ पत्रिकेतच होते असे नाही.

याहून खोल अडचण घरगुती नंबरांची आहे. मोठ्या कंपन्या बाहेरून घेतलेल्या ट्रान्झिस्टरांवर आपला स्वतःचा नंबर छापून घेत. ह्यूलेट-पॅकार्डच्या यंत्रांत '१८५४' ने सुरू होणारा नंबर एनपीएन जातीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा व '१८५३' ने सुरू होणारा पीएनपी जातीचा. टेक्ट्रॉनिक्सचे नंबर '१५१' ने सुरू होत. टेक्ट्रॉनिक्सचा '१५१-०१९०-००' म्हणजे बाजारात मूठभर मिळणारा २एन३९०४. जरीची टोपी काढली की ओळखीचा चेहरा दिसतो. परंतु दुसऱ्या कित्येक घरगुती नंबरांखाली निवडक माल असे. एकाच जातीचे शेकडो नग तपासून, ज्यांचा गुणक अमुक मर्यादेत आहे किंवा जे अमुक दाबाला टिकतात तेवढेच वेगळे काढलेले असत. यादीत मूळ जातीचे नाव सापडले म्हणून त्या जातीचा कोणताही नग तेथे चालेल असे नव्हे. पहिल्या प्रकारात नाव निराळे व वस्तू तीच. दुसऱ्यात कूळ तेच, पण व्यक्ती निवडलेली.

आणि तिसरा प्रकार या दोहोंपेक्षा विलक्षण आहे: नाव तेच आणि वस्तू निराळी. २एन३०५५ हा आरसीए कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आणलेला ट्रान्झिस्टर इतका लोकप्रिय झाला की जगभर अनेकांनी तो बनविला. १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट ही त्याची मापे कारागिरांना पाठ असतात. पण आरसीएची मूळ घडणीची पद्धत मागे पडून पुढे दुसऱ्या पद्धतीने हाच नंबर बनू लागला. नवा नग जुन्यापेक्षा अधिक वेगवान निघाला. उलट मोठ्या दाबाखाली उष्णता सोसण्याची जुन्याची धिमी सहनशीलता त्यात तितकी उरली नाही. माहितीपत्रकातील ठळक मापे दोन्हींची जुळतात. तरीही जुन्याच्या मंदपणावर विसंबून ज्या मंडळाची रचना झाली होती ते मंडळ नव्या नगाने कधी कधी आपोआप कंप पावू लागते. रचनाकाराने तो मंदपणा कोठेही मागितलेला नव्हता; तो त्याला न मागता मिळाला होता आणि त्याने नकळत त्यावर भिंत उभारली होती.

येथे मला पाणिनीची आठवण होते, आणि ती केवळ अलंकार म्हणून नव्हे. अष्टाध्यायीत एका प्रत्ययाच्या किंवा वर्णाच्या जागी दुसरा येतो तेव्हा त्या नव्याला 'आदेश' म्हणतात व ज्याच्या जागी तो आला त्याला 'स्थानी'. आदेशाला स्थानीप्रमाणे वागवावे असा पाणिनीचा नियम आहे. 'कृत्वा' मधील प्रत्ययाच्या जागी उपसर्ग लागल्यावर 'प्रकृत्य' मधील प्रत्यय येतो, आणि पहिल्याचे अव्ययत्वादी अधिकार दुसऱ्याकडे चालत येतात. पण त्याच नियमात एक अपवाद गुंफलेला आहे: जे कार्य मूळ प्रत्ययाच्या ध्वनींवर अवलंबून आहे ते आदेशाला लागू होत नाही. पद वारशाने मिळते, देह मिळत नाही. जेथे मंडळाला ट्रान्झिस्टरच्या पदाशीच कर्तव्य आहे तेथे मापे जुळणारा कोणताही नग चालतो. जेथे ते त्याच्या देहाशी गुंतलेले आहे तेथे नावाचा वारसा सांगून भागत नाही. दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे शहाणपण हे स्थान कोणत्या प्रकारचे आहे ते आधी ओळखण्यात असते.

पायांच्या क्रमाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती प्रत्येक कारागिरास ठाऊक असते आणि तरी प्रत्येक पिढीत नव्याने नडते. सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात. युरोपीय बीसी५४७ चे नेमके उलटे, कलेक्टर, बेस, एमिटर. आणि जपानी सी१८१५ मध्ये बेस टोकाला जातो. 'पीएन२२२२ए' आणि 'पी२एन२२२२ए' या दोन नावांत एका आकड्याचा फरक, पण पायांचा क्रम उलटा. गंमत अशी की कलेक्टर व एमिटर यांची अदलाबदल झाली तरी ट्रान्झिस्टर अगदीच निकामी होत नाही. तो दुबळेपणाने काम करतो, थोडा दाब वाढला की कोसळतो, आणि तोपर्यंत सर्व काही ठीक असल्याचा भास निर्माण करतो. असा भास पूर्ण अपयशापेक्षा घातक असतो, हे मी कोणाला सांगायला नको.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानात उभे राहिले तर या प्रश्नाची लौकिक बाजू ऐकू येते. गिऱ्हाईक नंबर सांगतो. दुकानदार म्हणतो, 'तो येत नाही आता, पण इक्विव्हॅलंट देतो, सेम टू सेम.' दुकानदाराला मी दोष देत नाही. अशा सारखेपणाच्या याद्या ग्रंथरूपाने छापल्या गेल्या आहेत. १९७० च्या दशकात निघालेली टॉवर्स यांची ट्रान्झिस्टर-सूची कित्येक कारागिरांच्या टेबलावर असे, आणि अमेरिकेत सिल्व्हेनियाच्या 'ईसीजी' मालिकेने एकेका नगावर शेकडो मूळ नंबरांचा भार टाकला होता. या याद्या उपयुक्त आहेत. पण त्या वाचताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली ही की असा सारखेपणा उलट फिरत नाही. ६० व्होल्ट सोसणारा नग ४० व्होल्टवाल्याची जागा घेईल, ४० वाला ६० वाल्याची घेणार नाही; तरी यादीत दोघे एकाच ओळीत शेजारी बसलेले असतात. दुसरी ही की तो हातोहात पुढे जात नाही. 'अ' च्या जागी 'ब' चालतो, 'ब' च्या जागी 'क' चालतो, म्हणून 'अ' च्या जागी 'क' चालेल असे नाही. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे हरवते, आणि तीन पायऱ्यांनंतर हातात जे येते त्याचे मूळ नगाशी नाते सांगता येत नाही.

आश्चर्य वाटेल, पण हा दुसरा मुद्दा मीमांसकांनी नि:संदिग्धपणे सोडविलेला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार येतो. यज्ञासाठी व्रीही सांगितले आहेत आणि ते मिळेनासे झाले. तर कर्म सोडावे की दुसऱ्या द्रव्याने पुरे करावे? उत्तर असे की पुरे करावे, आणि व्रीहींशी ज्यांचे साम्य सर्वांत अधिक त्या नीवारांनी करावे. पुढे प्रश्न येतो: हाती घेतलेला प्रतिनिधीही नष्ट झाला तर? तर प्रतिनिधीशी सदृश द्रव्य शोधू नये. मूळ द्रव्याशी सदृश असेल ते शोधावे. प्रतिनिधीचा प्रतिनिधी नसतो. दर वेळी मागे, मूळ विधानाकडे वळून पाहावे लागते. टर्मिनल दुरुस्त करणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, आधीच्या कारागिराने बसविलेल्या नगाचा नंबर पाहून तसाच दुसरा आणू नये; निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकृती उघडावी, त्या स्थानी कोणता दाब, कोणता प्रवाह, कोणता वेग अपेक्षित आहे ते वाचावे आणि मग निवडावे. चाळीस वर्षांत ती पेटी किती हातांतून गेली असेल कोणास ठाऊक. आत बसलेला नग मूळचाच आहे हे गृहीत धरणे भोळेपणाचे आहे.

त्याच पादातील आणखी एक भेद मला फार मोलाचा वाटतो. द्रव्याला प्रतिनिधी असतो. पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना नसतो, यजमानालाही नसतो. द्रव्याचे कार्य डोळ्यांनी दिसते, म्हणून ते दुसऱ्याने केले की नाही हे पारखता येते. ज्यांचे कार्य दृष्टीच्या पलीकडचे आहे त्यांच्या जागी दुसरे ठेवल्यावर काम झाले की नाही हे ठरविणार कोण? ही कसोटी यज्ञाबाहेरही लागू पडते. ज्याचे फळ मोजता येते त्याचीच बदली खात्रीने करता येते. माझ्या मते यंत्राच्या दुरुस्तीत ज्याला प्रतिनिधी नाही अशी वस्तू ट्रान्झिस्टर कधीच नसते. ती असते चित्रनळी, आणि तिला दाब पुरविणारे रोहित्र. टेक्ट्रॉनिक्स ४०१० ची साठवण-नळी, जिच्यावर एकदा काढलेली रेघ पुसेपर्यंत टिकून राहते, आज कोणी बनवीत नाही. म्हणून ट्रान्झिस्टरची निवड करताना खरा प्रश्न 'हा मूळच्याइतका अस्सल आहे का' असा नसून 'हा चुकला तर त्याच्यामागे कोण जळेल' असा असतो.

या ठिकाणी एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की अधिक सामर्थ्याचा नग घातला म्हणजे निश्चिंती. बारा इंची एकरंगी पडद्यांच्या मंडळांत आढळणाऱ्या जातीपैकी बीयू४०६ घ्या. त्याची मर्यादा ४०० व्होल्ट, ७ अँपिअर. त्याच्या जागी १५०० व्होल्ट सोसणारा बीयू५०८ए बसविला तर पडदा सुरक्षित होईल असे वरवर दिसते. वस्तुस्थिती उलटी आहे. इतका दाब सोसण्याची तयारी ज्या घडणीने येते त्याच घडणीने तो मंद व आळशी होतो. त्याला उघडण्यासाठी बेसला पुष्कळ अधिक प्रवाह लागतो, आणि बीयू४०६ साठी आखलेले मंडळ तो पुरवू शकत नाही. अर्धवट उघडलेला हा बलदंड नग तापतो आणि थोड्याच वेळात मरतो. शिवाय 'डी' अक्षर शेपटीला असलेल्या भावंडांत आतच एक डायोड असतो. मंडळ त्याची अपेक्षा करीत असेल आणि नगात तो नसेल, तर गोंधळ. नगात असेल आणि तपासणाऱ्याला माहीत नसेल, तर मीटरवर तो फुटका दिसतो व चांगला नग केरात जातो. अधिक म्हणजे उत्तम, हे समीकरण ज्या दिवशी आपण शाळेत शिकलो त्या दिवसापासून ते आपल्याला फसवीत आले आहे. बालवाडीच्या वर्गावर बसविलेला महापंडित बदली शिक्षक म्हणून किती उपयोगी पडतो, हे पालकांना विचारावे!

मेलेला नग साक्षीदारही असतो. तो कशाने मेला हे न विचारता त्याच्या जागी दुसरा उभा करणे म्हणजे विषप्रयोग झालेल्या घरात नवा स्वयंपाकी नेमणे होय. सुकलेला संधारक, आतल्या आत वेटोळे जुळलेले रोहित्र, तडा गेलेला झाळ, सुटलेली अभ्रकाची चकती, यांपैकी काहीतरी कारण बहुधा असते. धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरांत टोपी हाच कलेक्टर असतो. चकती फाटली तर सारा दाब सांगाड्यावर उतरतो. जाणते लोक म्हणून नवा नग बसविल्यावर पेटीला थेट वीज देत नाहीत. वाटेत एक दिवा जोडतात. आत दोष शिल्लक असला तर दिवा लखलखतो आणि नग वाचतो. साठ वॅटच्या दिव्याने वाचविलेल्या यंत्रांची संख्या मोठी असावी. हे तंत्र झाले. पण या तंत्रामागे 'माझा प्रतिनिधी बळी म्हणून जाणार नाही ना' अशी एक नैतिक वृत्ती आहे, आणि ती वृत्ती नसलेला मनुष्य दिवा जोडण्याचा कंटाळाच करील.

आतापर्यंत मी असे मानून चाललो की टर्मिनलचे काम म्हणजे अक्षरे दाखविणे. परंतु आज त्याच्याकडून दुसरेही एक काम अपेक्षिले जाते: आपल्या काळाची साक्ष देणे. १९७८ मध्ये व्हीटी१०० दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला हे दुसरे काम ठाऊक नव्हते. त्याने जो चालेल तो नग घातला आणि तो निघून गेला. त्याचे वर्तन निर्दोष होते. आजच्या माणसाला तेच वर्तन त्याच निर्दोषपणे करता येत नाही. चालते ठेवण्याचे कर्तव्य म्हणते, नवा, भक्कम, सहज मिळणारा नग घाल. साक्षीचे कर्तव्य म्हणते, होते तसे राहू दे. दोन्ही कर्तव्ये खरी आहेत आणि ती नेहमी एका दिशेने ओढत नाहीत.

काहींनी यातून सोपी वाट काढली आहे. दोन मृत यंत्रे घ्यावीत, एकाचे अवयव दुसऱ्यास घालावेत आणि एक अस्सल जिवंत यंत्र उभे करावे. मला ही वाट सहसा पटत नाही. ट्रान्झिस्टरसारख्या, ज्याला योग्य प्रतिनिधी मिळू शकतो अशा भागासाठी दुसऱ्या यंत्राचा देह रिता करणे म्हणजे शोधाचा कष्ट वाचविण्यासाठी केलेली उधळपट्टी आहे. चित्रनळीची गोष्ट वेगळी. तेथे दुसरा मार्गच नसतो आणि निवड करावीच लागते. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये १९५९ साली जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ जातीचे दोन संगणक स्वयंसेवकांनी चालू केले आहेत. प्रत्येकात हजारो जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत. जर्मेनियम पाव व्होल्टच्या आसपास उघडते, सिलिकॉनला सहा-सात दशांश व्होल्ट लागतात. त्यामुळे आजचा स्वस्त सिलिकॉन नग तेथे सरळ उचलून ठेवता येत नाही. एकाला खाऊन दुसऱ्याला जगविण्याऐवजी दोन्ही चालती ठेवण्याचा कष्टाचा मार्ग त्या मंडळींनी पत्करला, याचे मला कौतुक वाटते.

तरी कोणता नग घालावा हा या विषयातील सर्वांत अवघड भाग नव्हे. त्याविषयी काय सांगावे, हा अवघड. मीमांसेत एक नियम असा आहे की व्रीहींऐवजी नीवार वापरले तरी मंत्रात बदल करीत नाहीत. मंत्र व्रीहींचेच नाव घेत राहतो, कारण नीवार तेथे व्रीहींचे अंश म्हणूनच आलेले असतात. कर्मापुरते ते बरोबर असेल. तेथे सर्व सहभागी जाणते असतात, कोणाची फसवणूक होत नाही. बाजारात मात्र हाच न्याय लावणारे लोक आहेत आणि त्यांना मीमांसक म्हणता येणार नाही. स्वस्त, बारक्या देहाचा ट्रान्झिस्टर घ्यायचा, त्याचे मूळ नाव घासून टाकायचे आणि वर २एन३०५५ किंवा दुसरे दुर्मिळ नाव छापायचे, हा धंदा जगभर चालतो. टोपी कापून पाहिली तर मोठ्या खोलीत तिळाएवढा तुकडा बसलेला आढळतो. नाव तेच ठेवून वस्तू बदलणे हा एका ठिकाणी विधी आणि दुसऱ्या ठिकाणी लबाडी ठरतो. फरक ज्याला ते सांगितले जाते त्याला खरे ठाऊक आहे की नाही, एवढ्यावरच अवलंबून असतो.

लबाडी करणाऱ्यांचे सोडा. प्रामाणिक कारागीरही येथे नकळत घसरतो. त्याने योग्य प्रतिनिधी शोधला, नीट झाळला, पडदा उजळला, पेटी मिटली आणि मालकाला सांगितले, 'झाले, पूर्वीसारखे.' यात असत्य एक अक्षर नाही. पण वीस वर्षांनी ती पेटी पुन्हा उघडणारा मनुष्य आत दिसणारा नंबर मूळचा समजेल, त्याच्यासारखा नग शोधील, आणि मीमांसकांनी निषिद्ध ठरविलेली प्रतिनिधीच्या प्रतिनिधीची वाट, त्याचा काही दोष नसता, चालू लागेल. या अपरिचिताचे आपल्यावर काही देणे लागते का? त्याने आपल्याला काही दिलेले नाही. तो कदाचित जन्मलाही नसेल. तरी लागते असे मी म्हणेन, कारण आपणही कोणा अपरिचिताने आखलेल्या आकृतीच्या आधारावरच हे काम केले. टेक्ट्रॉनिक्सने आपल्या पुस्तिकांत प्रत्येक भागाची यादी, तिच्यात घरगुती नंबर आणि त्यासमोर मूळ उत्पादकाचा नंबर छापला नसता तर आज पुष्कळ यंत्रे भंगारात गेली असती. ती यादी लिहिणाऱ्याला आपले नाव ठाऊक नव्हते.

म्हणून माझ्या परिचयाच्या काही चांगल्या कारागिरांची रीत येथे नोंदवून ठेवतो. काढलेला मेलेला नग ते फेकीत नाहीत; एका लहान पाकिटात घालून पेटीच्या आतच, वीज किंवा उष्णता पोचणार नाही अशा कोपऱ्यात चिकटवितात. सोबत एक कागद: आकृतीतील स्थानाचा क्रमांक, काढलेल्या नगावरची सर्व अक्षरे जशीच्या तशी, बसविलेल्या नगाचे पूर्ण नाव त्याच्या शेपटीच्या अक्षरासह (बीसी५४७ चा 'ए' आणि 'सी' यांच्या गुणकात चौपटीचा फरक पडू शकतो, म्हणून शेपूट महत्त्वाची), पायांची अदलाबदल करावी लागली असल्यास ती, तो निवडण्याचे कारण आणि तारीख. स्वतःचे नाव काहीजण लिहितात, काहीजण लिहीत नाहीत. मीमांसेचा आणखी एक नियम त्या कागदामुळे पाळता येतो: प्रतिनिधीची जुळवाजुळव चालू असता मूळ द्रव्य सापडले तर मूळच घ्यावे. पुढेमागे कोठे जुन्या गोदामात न वापरलेला मूळ नग निघाला, तर त्याचे स्थान कोणते हे त्या पाकिटावरून कळेल. तो त्या वेळी चालू असलेल्या यंत्रात घालावा की संग्रहालयाच्या खणात ठेवावा, यावर जाणत्यांत आजही मतभेद आहेत. बसविलेला प्रतिनिधी विनातक्रार चालत असेल तर सापडलेला मूळ नग खणातच राहू द्यावा असे माझे मत आहे. झाळण्याची प्रत्येक उष्णता त्या जुन्या छापील तक्त्यावरील तांब्याच्या पट्टीला थोडी अधिक सैल करते, आणि ती पट्टी उखडली तर तिच्या जागी तारेचा तुकडा जोडण्याखेरीज काही करता येत नाही.